एवढं प्रकरण संपू दे

टेबल एकच होतं, आणि आम्ही दोघंही त्याच्याकडेच निघालो होतो.

आमच्या कीलुंग शहरातल्या पोहण्याच्या तलावावर मुलांचा वर्ग असायचा पंचेचाळीस मिनिटांचा. आईबापांनी वरच्या गॅलरीत बसून काचेतून बघायचं. मी कुठली बघतेय! माझी लेक जिंग-जिंग पाण्यात उतरली रे उतरली की मी वही उघडायची. आठवडाभर जमीन-नोंदणीच्या कचेरीत लोकांचे उतारे काढायचे, घरी आलं की डबा, अभ्यास, वाळता न वाळणारे कपडे... घटस्फोटानंतर घरात मोठं माणूस मी एकटीच. माझ्या कादंबरीच्या वाट्याला यायची ती शनिवारची ही पंचेचाळीस मिनिटं.

"इथे कोणी बसलंय का?" त्याने विचारलं. अंगात बंदरावरच्या नोकरीचं निळं जाकीट, चष्म्याच्या काचांवर वाफ.

"बसलीय ना, एक म्हातारी," मी वहीवर बोट ठेवलं. "पण कागदावरची आहे. सरकून घेईल."

त्याने वहीत डोकावून बघितलं. मग हातातला पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा त्याने हळूच टेबलावर ठेवला. "मग माझे तीन सरदार मावतील. तिघंही मेलेले आहेत, फार जागा लागत नाही."

तो यांग पाइ-हान. दिवसा जहाजांची तपासणी करायचा आणि उरल्या वेळात देवळापुढे होणाऱ्या हातबाहुल्यांच्या खेळांसाठी नाटकं लिहायचा. बायको चार वर्षांपूर्वी गेलेली. मुलगी आन-ची, आमच्या जिंग-जिंगएवढीच, सात वर्षांची.

छपरावर पाऊस वाजायचा. कीलुंगला तो वाजतोच. खालून शिक्षकांची शिट्टी यायची, आणि आम्ही समोरासमोर बसून लिहायचो. म्हणजे... लिहायचो असं म्हणायचो.

"तुमच्या म्हातारीचं काही घडलं का?"

"ती अजून दारातच उभी आहे."

"तीन शनिवार? अहो, पाय दुखले असतील तिचे!"

"यांगसाहेब, तुम्ही तुमचे मुडदे सांभाळा."

तो हसायचा, आणि मला उगाचच खालच्या पाण्याकडे बघावंसं वाटायचं.

अदलाबदलीची कल्पना त्याची. शनिवारी दुपारी दोन्ही मुली त्याच्याकडे, मी लिहायचं. रविवारी दोघी माझ्याकडे, त्याने लिहायचं. इतकं साधं होतं ते, की आधी का सुचलं नाही याचंच नवल वाटलं. माझी म्हातारी एकदाची दारातून आत आली. पानं भराभर पुढे सरकू लागली.

शनिवारी संध्याकाळी मुली भिजून, तोंडाला माशाच्या वड्यांचा वास घेऊन परत यायच्या. बंदरावर घारी किती मोजल्या ते सांगायच्या. एकदा जिंग-जिंग बूट काढता काढता म्हणाली, "आई, तू हसलीस की तुझी एकच भुवई वर जाते?"

"कोण म्हणालं?"

"यांगकाका. आम्हाला करूनही दाखवलं."

मी आरशासमोर जाऊन हसून बघितलं. खरंच जात होती.

आमचं प्रेम हे असं. तो मला वेळ द्यायचा, मी त्याला वेळ द्यायची, आणि दोघांनी मिळून घालवायला वेळ उरायचाच नाही. दारात छत्र्या झटकताना पाच मिनिटं. कधी जिन्यात. 'तुम्ही'चं 'तू' झालं तेही जिन्यातच. मी घसरले, त्याने दंड धरला आणि म्हणाला, "सांभाळ गं."  हात त्याने लगेच काढला नाही.

डिसेंबरात मी कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा काढून वाचनालयात जाऊन बसले. फोन बंद. तीन तास इतके सुरेख गेले! बाहेर येऊन फोन सुरू केला तर शाळेचे सहा निरोप. जिंग-जिंगला ताप.

धावत पाइ-हानच्या घरी पोचले. शाळेत दुसरा नंबर त्याचा दिलेला, म्हणून त्यांनी त्याला कळवलं होतं. डॉक्टरांकडे नेऊन आणून, पेज पाजून त्याने तिला झोपवलंही होतं. मला एका शब्दाने बोलला नाही. आल्याचा गरम काढा माझ्या हातात दिला.

"सू-वान," तो खिडकीकडे बघत म्हणाला, "आपण चौघं... म्हणजे, एकाच घरात राहिलो तर? दोन छत्र्यांऐवजी एक मोठी घेऊ. स्वस्त पडेल."

मला रडू येत होतं. मुलीचं कपाळ अजून तापलेलं आणि मी कादंबरीत रमलेली! नोकरी, मूल, लिखाण, या तिघांचंच करणं मला झेपत नव्हतं. त्यात चौथं माणूस कुठे ठेवू?

"एवढं प्रकरण संपू दे," मी म्हटलं. "मार्चपर्यंत."

"मार्च तर मार्च."

मार्चमध्ये कचेरीत वर्षाची फेरमोजणी निघाली. मी जून म्हटलं. जूनमध्ये शेवट जमेना. तो दर वेळी मान डोलवायचा, थट्टाही करायचा. "म्हातारीला सांग, मीही म्हातारा होतोय." पण थट्टा करताना आता माझ्याकडे बघत नसे.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी, तलावावर, त्याने कागद काढलेच नाहीत.

"ह्वालिएनच्या बंदरात वरची जागा निघालीय. आई तिथेच असते माझी. कळवायचंय साहेबांना." मग म्हणाला, "तू काय म्हणशील?"

माझ्यासमोर शेवटून दुसरं प्रकरण उघडं होतं. मनात आलं, मी याला किती अडकवून ठेवायचं? मोठ्या मनाने बोलावं म्हणून मी म्हटलं, "बढती आहे ना? मग जायलाच हवं."

त्याने चष्मा काढून जाकिटाला पुसला. खाली शिट्टी झाली.

"हो," तो म्हणाला. "जायलाच हवं."

निघायच्या दिवशी स्टेशनवर मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. आम्ही शहाणी माणसं. आम्ही डब्यात काय दिलंय, खिडकीची जागा मिळाली का, असलं बोललो. गाडी हलली तेव्हा तो काहीतरी म्हणाला. काचेमुळे ऐकू आलं नाही.

शनिवारची दुपार पुन्हा माझी एकटीची झाली. जिंग-जिंग शेजारी बसून चित्रं काढायची, दर दहा मिनिटांनी "आई, किती वेळ?" विचारायची. तेव्हा कळलं. त्याला मी चौथं ओझं समजत होते. तो तर ओझ्याला लागलेला दुसरा हात होता.

कादंबरी झाली. दीड वर्षाने छापूनही आली. एक प्रत मी ह्वालिएनला पाठवली, आणि आठवड्याने, रविवारी दुपारी, त्याचा फोन आला.

"वाचली. दोनदा." आवाज तोच. "फार छान लिहिलंयस गं."

"आन-ची कशी आहे?"

"उंच झालीय. आणि... सू-वान, मी लग्न केलं. वसंतात. इथल्याच शाळेत शिकवते ती. आन-चीचं जमतं तिच्याशी."

"अरे वा," मी म्हटलं. आवाज बरा लागला. मग न राहवून विचारलं, "पाइ-हान, त्या दिवशी तलावावर... मी 'थांब' म्हटलं असतं तर?"



"अर्ज मी भरलाच नव्हता तोवर," तो हळू म्हणाला. "तुला विचारून भरायचा होता."

 इतक्यात त्याच्या मागून एका बाईची हाक आली — जेवायला चला, सूप निवतंय.

"आलो!" तो म्हणाला. चटकन. हातातलं सगळं टाकून उठल्यासारखा.