मधल्या गाळ्याचा वाक

सव्वापाचला पुलाच्या मधल्या गाळ्यावर सहा माणसं होती, एक सायकल आणि अळूच्या कंदांची एक टोपली. वाक अर्धा मिलिमीटर. अंबिकानं वहीत नोंद केली.

बेटावरच्या रेवा नदीवरचा हा जुना पूल गाड्यांना बंद होऊन दोन वर्षं झाली होती. आता फक्त पायी ये-जा. वजनानं पूल किती वाकतो ते मोजणारं यंत्र गाळ्याखाली होतं, त्याचा पडदा नौसोरी गावाकडच्या टोकाला, अंबिकासमोर.

गेले नऊ दिवस बरोबर साडेपाचला रिकामा पूल वाकत होता. दहा टनांची बस गेल्यासारखा. तिनं तारा बदलल्या, यंत्रही बदललं. माप तेच : ११.० मिलिमीटर.

त्याआधी मिनिटभर लोक आपसूक पुलाबाहेर कडेला सरत. पूल अरुंद, बस आली की पायी माणसानं थांबायचं, ही इथली जुनी सवय.

"आंटी, तुम्ही सगळे कुणासाठी थांबता?"

"तू शिकलेली, तूच सांग," मासे विकणारी सेरेआना हसली. पण पुलाकडे तिनं पाहिलं नाही.

अंबिकाचे वडील या पुलावरून जाणाऱ्या साडेपाचच्या बसवर एकतीस वर्षं ड्रायव्हर होते; सगळे त्यांना मास्टर म्हणत. आज ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

"पापा, घरी चला. डाळ करते."

"रोज डाळ! पोरी, तुरुंगात बरं जेवण देतात." मग हळूच म्हणाले, "आज बस थांबणार आहे माझ्यासाठी."

"बस भंगारात गेली, पापा."

"माहीत आहे. मीच सोडून आलो होतो."

अंबिकानं त्यांची बाही घट्ट धरली.

साडेपाच. लोक कडेला सरले. सेरेआनानं माशांची टोपली जवळ ओढून रस्ता मोकळा केला. नदीवरून गरम डिझेलचा वास आला.

पडद्यावर ०.०.

पाच एकतीस. ०.०.

आज नाहीच. अंबिकाचा जीव भांड्यात पडला. नोंद करायला तिनं बाही सोडली.

"सावकाश चढा हं, मास्टर," मागून सेरेआना म्हणाली.

अंबिका वळली.

पापा नव्हते. रस्त्यावर नव्हते. पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा होता.

तिनं पडद्याकडे पाहिलं.

पाच बत्तीस. मधला गाळा. वाक ११.१ मिलिमीटर.