कर्नलची जांभळी शाई

खोक्यात एकोणचाळीस पत्रं होती. बारा वकिलीच्या साध्या कागदावर, सतरा युद्धाच्या छावणीतून लिहिलेली, आणि दहा शाईच्या कारखान्याचं नाव छापलेल्या कागदावर. शिवाय दोन रिकामे लिफाफे, एक वाळलेलं पान... आणि टेबलापलीकडे एक मुलगा, माझ्याकडे बघून हसणारा.

"तू पुण्याची ना? मी वीर. माझी मराठी थोडा खराब आहे."

"थोडा नाही," मी म्हटलं.

२००५चा नोव्हेंबर होता. मी मँचेस्टरला केमिस्ट्रीत एमएस्सी करत होते आणि दर बुधवारी जुन्या कागदपत्रांच्या एका संग्रहात शाई तपासायला जायचे. वीर जन्मापासून इथलाच. संग्रहाच्या प्रमुख मिसेस हॉलंड यांच्या हाताखाली सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर होता.

पत्रं एझ्रा व्हिटकोम नावाच्या अमेरिकन माणसाची होती. आधी ओहायोत वकील, मग यादवी युद्धात कर्नल, मग शाईच्या कारखान्याचा मालक. सगळी पत्रं मँचेस्टरच्या हॅना नावाच्या शिक्षिकेला लिहिलेली. वीर वाचायचा, मी तपासायचे.

"वकील कसा लिहितो बघ," वीर म्हणाला. "'मुद्दा पहिला, मी तुम्हाला विसरलेलो नाही. मुद्दा दुसरा, पहिला पुन्हा वाचावा.'"

"असं कुणी लिहितं का?"

"मी लिहीन. अ‍ॅड्रेस दे."

मी कागदाकडे बघत राहिले. कान मात्र गरम झाले होते.

जुनी शाई बहुधा लोहाची असते आणि ती कागद खाते. त्यावर ओलसर पट्टी दाबायची. पट्टी गुलाबी झाली, तर धोका आहे. पण त्याआधी टाचणीच्या टोकाएवढं पाणी एखाद्या अक्षराच्या कडेला लावून शाई उतरते का, ते बघायचं. हे मी एकोणतीस वेळा केलं होतं.

तिसऱ्या बुधवारी तिसावं पत्र निघालं, १८७१ सालचं. वीर ते सावकाश, त्याच्या मराठीत वाचत होता. "'तुम्ही येणार असाल, तर मी बंदरावर उभा असतो. बोट उशिरा आली... तरी उभा असतो.'" त्याने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मग तो पुढची फाइल आणायला उठला.

मी टाचणी घेतलीच नाही. पट्टी सरळ सहीवर दाबली.

पट्टी गुलाबी झाली नाही, जांभळी झाली. शाईच पट्टीवर उतरली होती. स्वतःचा कारखाना काढल्यावर कर्नल दुसऱ्याची शाई कशाला वापरेल? त्याची शाई लोहाची नव्हती, नुसत्या रंगाची होती, पाण्यात विरघळणारी. कारखान्याचं नाव कागदाच्या माथ्यावर होतं. ती दहा पत्रं मी स्वतः मोजली होती.

वीर परत आला, तेव्हा पत्र पाकिटात होतं आणि वहीत मी लिहिलं होतं – 'तपासणी बाकी'.

पुढच्या बुधवारी तो हसला नाही.

"अक्षया, सॉरी हं. तीस नंबर मी खराब केला. हात धुतले होते, नीट पुसले नसणार. मिसेस हॉलंडना सांगितलं तसं. फ्रायडेला माझी प्रोबेशन मीटिंग आहे... बहुतेक काढतील. तुला आवडलं होतं ना ते पत्र?"

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "असू दे."

मी त्याला माफ केलं. माझ्या चुकीबद्दल. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही मला आरशात बघवलं नाही.

शुक्रवारी सकाळी मी मिसेस हॉलंडच्या खोलीत गेले आणि वेळ, जागा, पट्टी, वहीतली खोटी नोंद असं सगळं क्रमाने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. वीरची नोकरी राहील, असं म्हणाल्या. मग माझा संग्रहात यायचा पास मागून घेतला.

वीर बाहेर दाराशी उभा होता. मी त्यालाही तेच सगळं सांगितलं, त्याच क्रमाने.

"टाचणी का नाही घेतलीस?" त्याने विचारलं.

"तू बघितलंस ना माझ्याकडे... तू परत यायच्या आत मला कामात गढलेलं दिसायचं होतं."

"म्हणजे माझ्यामुळे?"

"नाही. तू आवडतोस म्हणून. चूक माझीच."

त्याने मिसेस हॉलंडच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

"बुधवारी तू मला 'असू दे' म्हणालीस," तो म्हणाला. "मला त्याचा राग आलाय. डागाचा नाही."

"मला कळतंय."

"दोन रात्री झोपलो नाही मी. बाबांना पण सांगितलं, जॉब जाणार म्हणून."

मी विचारलं, "राग किती दिवस राहील?"

"माहीत नाही. तू सायंटिस्ट. मोज."

बाहेर पाऊस लागला होता. माझ्याकडे छत्री नव्हती. त्याने त्याची उघडली आणि तो माझ्या बाजूला आला.

ट्रामच्या स्टॉपपर्यंत तीनशे चाळीस पावलं झाली. माझ्या दोन्ही बाह्या कोरड्या होत्या. त्याची डावी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत भिजली होती.