रूलॉफची शिकारीची पँट

नीउ-व्हेनेप या डच गावातल्या घराच्या गॅरेजमध्ये शलाकाने शिवणाचं दुकान थाटलं होतं. तिचा नवरा कुशल रोज शहरात, झुइडासच्या बँकेत सॉफ्टवेअर सांभाळायला जायचा आणि शलाका घरी पडदे, कोटांच्या चेन, उसवलेले खिसे सांभाळायची. पँट आखूड करायला मात्र सहसा आपलीच माणसं येत. इथल्या ताडमाड लोकांना तयार पँट आखूड पडते, लांब होत नाही.

मागच्या कालव्यापलीकडे रूलॉफचं शेत होतं. सहा फूट चार इंच उंची, साठीचं वय, बीट-बटाट्याची शेती आणि शिकारीचा परवाना. ऑगस्टमध्ये त्याने शलाकाच्या घरची मांजर मारली. लोणी तिचं नाव. शलाकाच्या आठ वर्षांच्या लेकीची, ईशानीची, ती जीव की प्राण होती. ईशानी पोहण्याच्या क्लासला गेली असताना तो लोणीला पोत्यात गुंडाळून दारात घेऊन आला.

"सशांच्या पिल्लांमागे होती. गळ्यात पट्टा नव्हता, मला भटकी वाटली," तो म्हणाला. मान खाली घालून म्हणाला, हेही खरं.

पट्टा नव्हताच. आदल्या दिवशी शलाकानेच काढला होता. त्याचं घुंगरू कुशलच्या रात्रीच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये वाजायचं, म्हणून तिने तो बटणांच्या डब्यात टाकला होता. पण ईशानी घरी येऊन पोत्याला बिलगून रडू लागली तेव्हा शलाकाच्या तोंडून निघून गेलं, "त्याने मुद्दाम मारलं तिला. पट्टा दिसत असूनही मारलं."

खोटं एकदा बोललं की ते टिकवायला राग लागतो. शलाकाने तो तीन महिने नीट तापवत ठेवला.

नोव्हेंबरात शाळेतून मेल आली: मुलांना शिकारीची आणि रानाची ओळख, शनिवारी सकाळी, रूलॉफच्या शेतावर. ईशानीने साफ नाही म्हटलं.

"जायचंय आपल्याला. मीही येतेय," शलाका म्हणाली. का जायचं ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. तो माणूस लहान मुलांसमोर मिरवताना एकदा डोळे भरून पाहायचा होता, इतकंच.

माणूस मिरवत नव्हता, हीच पंचाईत. त्याने मुलांना सशाच्या लेंड्या फोडून दाखवल्या, चिखलातले माग ओळखायला शिकवलं, वारा कुठून येतो ते ओलं बोट वर धरून सांगितलं. मग हातात काठ्या देऊन सगळ्यांना एका रांगेत शेतातून चालवलं, सावज उठवतात तसं. मुलं खुशीत होती. शलाका दातओठ खात मागून चालत होती. बुटांना शेरभर चिखल चिकटला होता.

बांधावर पाइनच्या फांद्या अंथरून त्यांच्यावर पहाटे मारलेले दोन ससे आणि तीन बदकं ओळीने ठेवली होती. एक मुलगा पलीकडे उडी मारायला निघाला, तसा रूलॉफने त्याचा खांदा धरला. "यांच्यावरून ओलांडून जायचं नाही. वळसा घालायचा. शिकाऱ्यांचा रिवाज आहे."

शलाका चमकली. साताऱ्याला तिची आत्या हेच सांगायची. निजलेल्या माणसाला ओलांडू नये, वाढ खुंटते त्याची. ओलांडलंच तर आल्या पावली उलटं ओलांडायचं. शलाकाचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. तरी लहानग्या ईशानीकडून तिने दर वेळी उलटं ओलांडून घेतलं होतं.

"आता ससा कसा लपतो बघा," म्हणत रूलॉफ नांगरलेल्या सरीत पालथा पडला. हनुवटी मातीला, हात अंगाखाली. एवढा दांडगा माणूस मातीत मिसळून गेला. "तुमचा पाय अंगावर पडेपर्यंत हा हलत नाही."

शलाका ईशानीच्या कानाशी वाकली. आसपास मराठी कळणारं दुसरं कुणी नव्हतं.

"ईशू, त्याच्यावरून ओलांडून जा. आणि परत ओलांडू नकोस."

"का?" ईशानीने डचमध्ये विचारलं. मराठी तिला सगळी कळायची, उत्तर मात्र डचमध्येच.

"लोणीसाठी."

ईशानी गेली. आधी एक बूट, मग दुसरा, अगदी सावकाश. रूलॉफ मातीत तोंड ठेवूनच हसला. मुलं पुढे पळाली तरी तो बराच वेळ उठला नाही.

डिसेंबरात त्याची बायको योके शिकारीची हिरवी पँट घेऊन आली. "दोन सेंटीमीटर आखूड करायचीय. पायात येते."

जानेवारीत तीच पँट परत आली. सात सेंटीमीटर.

शलाकाने डोकं चालवलं. म्हातारपणी मणके झिजतात, माणूस बसतो. पण मणके झिजले तर पाठ आखूड होते, पाय होत नाहीत. ही तर मांडीपासून घोट्यापर्यंतची शिलाई. तिने दोनदा टेप लावून पाहिला.

"किती?" कापायच्या टेबलावर बसून ईशानीने विचारलं.

"सात."

ईशानी हसली. लोणी गेल्यापासून पहिल्यांदा हसली. शलाकाला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. त्या रात्री तिने लेकीला आवडतो म्हणून शिरा केला.

मार्चमध्ये योकेने पँटीबरोबर कोटही आणला. तिचे डोळे सुजलेले होते. "खातो चांगला," ती उगाचच म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट ठीक आहेत. कमरेला इलास्टिक घालता येईल का? लहान मुलांच्या पँटला असतं तसं?"

कोटाच्या बाह्या कापताना शलाकाने टेप पुन्हा लावून पाहिला. हे माप ईशानीच्या कोटाचं होतं.

"ईशू," ती संध्याकाळी म्हणाली, "आपण रूलॉफकडे जाऊ या. त्याला झोपायला सांगू. तू फक्त उलटं ओलांड."

"नाही. त्याने पट्टा बघूनही मारलं तिला. तूच म्हणालीस."

तोंड उघडायचं तर तिथेच उघडायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण लेकीच्या नजरेतून आपण उतरू या भीतीने शलाका मूग गिळून बसली. त्याचं पुढे काय होईल ते होवो, असंही तिच्या मनात आलं.

एप्रिलमध्ये एका दुपारी गॅरेजची बेल वाजली. धुरकट काचेमागे कुणीतरी पोर उभं होतं. ईशानीच्या वर्गातलं असेल म्हणून तिनेच दार उघडलं.

रूलॉफ होता. शलाकाने कापलेल्या कोटात. डोळे ईशानीच्या डोळ्यांना समांतर. गालावर पांढरे खुंट.

शलाकाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

"पट्टा नव्हता गं तिच्या गळ्यात," तो ईशानीला म्हणाला. "घुंगरू ऐकू आलं असतं, तर मी बंदूक उचलली नसती. तुझ्या आईला त्याच दिवशी सांगितलं होतं मी."

आणि गेला. चालताना त्याला कोपऱ्यावर पोचायला फार वेळ लागला.

ईशानीने शिवणाच्या टेबलाचे खण उघडले, एकेक. दोऱ्यांचा डबा, चेनचा डबा. मग बटणांचा. तो तिने फरशीवर उपडा केला.

घुंगरू एकदाच वाजलं.

"ईशू, मी तुला सांगणारच होते..."

ईशानी बूट घालून कालव्यापलीकडे गेली. तासाभराने आली तेव्हा बुटांना सरीतला चिखल होता. हातपाय धुतले, गृहपाठ केला, जेवली. आईला मीठ मागितलं, तेही नेहमीच्याच आवाजात.

पुढच्या आठवड्यात योके पँट घेऊन आली. चेहरा उजळलेला होता.

"खालची पट्टी उसवून द्याल?" ती म्हणाली. "आठ सेंटीमीटर."

शलाकाने सुटकेचा श्वास सोडला. मिटलं, तिला वाटलं. पोरीने माफ केलं, त्यालाही आणि मलाही.

रविवारी जेवणं झाल्यावर मशीनवर बसून आखडलेली पाठ मोकळी करायला ती गालिच्यावर आडवी झाली. डोळा लागला.

जाग आली ती अंगावरून सावली सरकल्याने.

ईशानी खिडकीच्या बाजूला उभी होती. मघाशी ती सोफ्याच्या बाजूला होती.

"ईशू," शलाका पडल्या पडल्याच म्हणाली. "बाळा, परत ये. इकडून ये."

ईशानीने तिच्याकडे खाली पाहिलं.

"नको," ती म्हणाली. स्वच्छ मराठीत.

सोमवारी सकाळी शलाका लेकीला शाळेत सोडायला निघाली. सायकलवर बसली आणि डावीकडे कलंडली. पाय जमिनीला लागत नव्हता. काल-परवापर्यंत लागत होता.

"कुशल, माझी सीट कुणी वर केली?"

"कुणी नाही," तो आतून म्हणाला.

तिने मागे वळून पाहिलं. दप्तर पाठीला लावून ईशानी आधीच तयार उभी होती. तिच्या हातात सीट खाली करायचा पाना होता.