पहाऱ्याची बदली

सकाळी सात वाजता माझे सासरे, अप्पय्या, दाताळं घेऊन बाहेर पडत आणि फाटकापासून घराच्या पायरीपर्यंतची तांबडी वाट केस विंचरावेत तशी विंचरून काढत. राजस्थानच्या सीमेवर शिपाई असताना लागलेली सवय. मऊ केलेल्या मातीवर कोण आलं, कोण गेलं, ते वाचायचं. पुढे लष्करी पोलिसात त्यांनी तपासाचं काम केलं, निवृत्तीनंतर कॉफीमळ्यांच्या एका कंपनीत ते सुरक्षाप्रमुख होते. चोरी झाली की सगळे आजूबाजूला बघत. अप्पय्या खाली बघत.

"बीए झालीस बोजम्मा, आणि साधा पाय वाचता येत नाही?" ते मला चिडवत. "हे उदमांजर. ही आपली सुब्बी, टाच ओढत चालते. आळशी!"

"ऐकू येतंय मला," आमची स्वयंपाकीण सुब्बी आतून म्हणायची. "ओढत का होईना, दोन वेळचं मीच रांधते."

मला ती वाट हवीशी वाटे. मळ्यात घर एकटं. शेजार ओढ्यापलीकडे. नवरा, बोपण्णा, अरुणाचलात बर्फातल्या चौकीवर. माझी चार वर्षांची लेक देचू जरा दिसेनाशी झाली की मी आधी मातीकडे बघे. तिची पावलं तळ्याकडे गेलेली नसली की मग श्वास सुटे.

देचूला अप्पय्यांनी पहाऱ्याचा खेळ शिकवला होता. काठी खांद्याला लावून ती पायरीवर उभी राही. "थम! कौन आता है?" समोरच्यानं "दोस्त" म्हणायचं. मग पहारा सोडणाऱ्यानं "चार्ज घे", म्हणजे पहारा ताब्यात घे, म्हणायचं, आणि "घेतला" असं उत्तर आल्याखेरीज पहारा सुटत नाही.

"आणि कुणी आलंच नाही तर, अज्जा?"

"तर उभं राहायचं," अप्पय्या म्हणाले, आणि दाताळं उचलून आत गेले.

कॉफी फुलली त्या आठवड्यात फाटकाच्या आत बुटांचे दोन ठसे दिसले. उजव्या टाचेला लोखंडी नाल, डाव्या टाचेला नाही. फाटकाचं कुलूप तसंच होतं. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी सहा. सगळे आत येणारे. परतीचा एकही नाही.

अप्पय्या उकिडवे बसले, बोटांनी माप घेतलं.

"कोण आहे?" मी विचारलं.

"बेळ्ळियप्पा."

"कोण बेळ्ळियप्पा?"

"कंपनीत माझ्या हाताखालचा गडी. गोदामाच्या फाटकावर होता. मी म्हैसूरला तपासाला गेलो आणि त्याची बदली पाठवायला विसरलो. तीन दिवस उभा होता पावसात. बदली आल्याशिवाय पहारा सोडायचा नाही, हे मीच शिकवलं होतं त्याला." त्यांनी हात झटकले. "गेला. चौकशी माझ्याकडेच आली. मी लिहिलं, बदली वेळेवर पोचली होती."

"कधीची गोष्ट?"

"अकरा वर्षं झाली."

त्यानंतर मी देचूला एकटं सोडलं नाही. ठसे रोज दोनांनी वाढत होते. बाराव्या दिवशी दुपारी मी दूध उतू जातंय म्हणून आत धावले. पातेलं उतरवून आले, तेवढाच वेळ.

देचू पायरीवर ताठ उभी होती. काठी खांद्याला.

"अव्वा, तो दोस्त म्हणाला," तिनं मान न वळवता सांगितलं. "मी चार्ज घेतला."

वाटेवर ठसे होते. पहिल्यांदाच, बाहेर जाणारे.

मी तिला उचललं. ती अशी किंचाळली की माझे हात सुटले. ती परत जागेवर. पाणी नको, खाणं नको. ऊन पायरीवर आलं. तिच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या तरी डोळे फाटकावर.

"अप्पय्या!" मी ओरडले.

ते बाहेर आले तेव्हा बूट पॉलिश केलेले होते, डोक्यावर लष्करी टोपी. ते वाटेवरून चालत आले आणि नातीपुढे टाचा जुळवून उभे राहिले.

"थम! कौन आता है?"

"दोस्त." "चार्ज दे."

"घे."

"घेतला."

देचू माझ्या अंगावर कोसळली आणि झोपून गेली.

अप्पय्या उभे राहिले. मी खुर्ची आणली, हाका मारल्या, रडले. सुब्बी कडंबुट्टू, तांदळाचे वाफवलेले गोळे, आणि रस्सा घेऊन यायची. ते उभ्यानंच दोन घास खायचे. नवव्या दिवशी खांबाला टेकून, उघड्या डोळ्यांनी गेले.

आमच्याकडे मृत्यूची खबर बंदुकीचे दोन बार काढून देतात. ओढ्यापलीकडचे लोक आले, बार झाले. बर्फानं रस्ता बंद, बोपण्णा येऊ शकला नाही. सगळं आटोपून माणसं पांगली.

दुसऱ्या सकाळी फाटकाच्या आत दोन ठसे होते. दोन्ही टाचांना नाल. काल आम्ही त्यांच्यासोबत जाळले ते बूट.

मी रोज मोजत राहिले. देचूची काठी चुलीत घातली. तरी ठसे पायरीला लागले त्या दिवशी ती रिकामा हात खांद्याला लावून दारात आलीच. तोंड उघडलं. मी तिला मागे सारलं आणि तिच्याआधी म्हणाले,

"थम. कौन आता है?"

समोर कुणी नव्हतं. बुटाच्या पॉलिशचा वास आला.

"घेतला," मी म्हणाले.

हे मी उभ्यानं लिहितेय. देचू आत सुब्बीशी भांडतेय, भूक लागली म्हणून. मला बरं वाटतं ते ऐकून.

बोपण्णाचा काल फोन आला. रविवारी सुट्टीवर येतोय.

"येताना चपला घाल," मी सांगितलं. "आणि मी काही विचारलं तर उत्तर देऊ नकोस. माझ्या जवळून निघून सरळ देचूकडे जा."

"काय विचारणार आहेस?" तो हसला.

मी फोन ठेवला.

मला पायरी सोडता येत नाही. दाताळं परसात भिंतीला टेकून आहे. सुब्बी त्याला हात लावायला घाबरते.

वाट मात्र रोज सकाळी सातला विंचरलेली असते.