अकरा मिनिटांचा ब्रेक

चारकोपच्या त्या अभ्यासिकेत अठरा टेबलं, छत्तीस खुर्च्या आणि पाच पंखे होते. त्यांतले फिरणारे चार. त्या दुपारी रिकामी खुर्ची एकच होती. दर्शना तिच्यावर बसली आणि अकराव्या मिनिटाला शेजारच्या मुलासमोरचं घड्याळ किर्रर्र करून ओरडलं. चौतीस माना वळल्या.

"सॉरी... आईचं आहे, इडलीचं," तो पुटपुटला. "पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं ब्रेक. नाहीतर माझं डोकं टिकत नाही."

"इडली झाली असेल तर बंद कर ना!"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दर्शनाला हसू आवरेना.

त्याचं नाव सर्वेश. तो बँकेच्या परीक्षेची तयारी करत होता. ती रसायनशास्त्रात एमएस्सी होऊन नेटची. आठवड्याभरात दोघांची पंचवीस मिनिटं एक झाली. घड्याळाऐवजी आता त्याचा मोबाइल नुसता थरथरायचा, मग दोघं कटिंग चहा घेऊन जिन्यात. दर्शना नियमाची पक्की. पाच मिनिटं झाली की उठायचीच, सर्वेशचं वाक्य अर्ध्यात असलं तरी.

मग श्वेता आली. तीही बँकेवाली. "सर्वेश, एवढं गणित समजव ना रे!" म्हणत ती एकेक ब्रेक पळवू लागली. जिन्यातून तिचं खळखळून हसणं वर आलं, की दर्शनाच्या पुस्तकातली अभिक्रिया जागीच थांबायची. पंचवीस मिनिटांत अर्धं पान! परीक्षा बारा दिवसांवर. वाट लागली होती नुसती.

शुक्रवारच्या ब्रेकला श्वेता नव्हती. जिन्यात सर्वेशने दोघांच्याही परीक्षेत असलेल्या रीझनिंगची टिपणं मागितली. दर्शनाने वही दिली खरी, पण लक्ष होतं दाराकडे, ती येते का... सर्वेश शेवटच्या पानावर थांबला.

"सोमवार, चार पंचवीस, श्वेता, अकरा मिनिटं," तो वाचू लागला. "मंगळवार, श्वेता, नऊ... हे काय गं? माझी हजेरी?"

दर्शनाने झटकन हात पुढे केला. वही ओढून घ्यावी, तर त्याने ती घट्ट धरलेली.

"निरीक्षणं आहेत," ती कशीबशी म्हणाली.

"आणि निष्कर्ष?"

"तुला ती आवडते. उद्यापासून मी वेगळी बसते."

"आयला, काय सायंटिस्ट आहेस! ती उठत नाही म्हणून अकरा होतात. तू उठतेस म्हणून पाच. आणि माझं वाक्य रोज तसंच राहतं..."

"कुठलं वाक्य?"

तेवढ्यात मोबाइल थरथरला. सवयीने दर्शना अर्धी उठली. त्याच्याकडे पाहिलं... आणि पुन्हा पायरीवर बसली.

"ती हसते ते मला नाही आवडत," ती एका दमात म्हणाली. "तू तिच्यासोबत हसतोस ते तर अजिबात नाही. आता बोल."

"तू आवडतेस मला."

"एवढंच? हे तर दोन सेकंदांचं आहे!"

"आधी प्रस्तावना असते गं, पाच मिनिटांची. तिथंच तू उठतेस..."

"मग कर सुरू," दर्शना म्हणाली आणि त्याच्या हातातली वही मिटून बाजूला ठेवली.

तो ब्रेक त्रेपन्न मिनिटांचा झाला.