डांबरातला पंजा

पटलं तर वाचा, नाहीतर सोडून द्या. पण ती होडी मी स्वतःच्या हाताने खरवडली आहे, त्यामुळे मला खोटं म्हणू नका.

मे १९९५. भर दुपार. माजलगाव धरणाचं पाणी पार मागे हटलेलं.

मासे धरणारा सटवा घरी आला.

"गाळातून शिडाची होडी वर आलीय. लई जुनी हाय. तुमची हाय का बगा."

माझा थोरला भाऊ हनुमान तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यातल्या वादळात होडीसकट गेला. ना तो सापडला, ना होडी.

होडी आमची निघाली, तर त्याचे दिवस घालायचे आणि वहिनीचं कुंकू पुसायचं, असं आईने ठरवलं होतं.

मी, आई आणि वनमाला वहिनी गेलो. रडायचं केव्हाच संपलं होतं.

डोलकाठी मोडलेली. लाकूड काळंठिक्कर. आमची की त्याहून जुनी, कळेना.

पण आमच्या घरात एक रीत आहे. दसऱ्याच्या आदल्या रात्री होडीला डांबराचा नवा थर द्यायचा, आणि ओल्या डांबरात घरच्या सवाष्णीने पंजा उमटवायचा. थर उकलले की होडीचं वय कळतं.

कडेचे सुटलेले थर मी उचकटले.

अगदी तळाशी... वाकड्या अंगठ्याचा पंजा.

"माजाच हाय," आई म्हणाली. "होडी आपली हाय."

वहिनीने कपाळाकडे हात नेला.

"थांबा, वहिनी."

मला वास आला होता... ताज्या डांबराचा.

सगळ्यात वरच्या थरावरचा गाळ मी पुसला.

वहिनीचा उजवा पंजा. करंगळी मात्र... अर्धीच.

वहिनीची करंगळी ऊस तोडताना कोयत्याने तुटली. आणि उसाला ती जायला लागली, ती हनुमान गेल्यावर.

वहिनी बघत राहिली. आवाजात काहीच नव्हतं.

"दसऱ्याला सकाळी उठलं की हात काळा असायचा, भाऊजी. मला वाटायचं, तव्याचा लागला."

आईने वहिनीचा हात धरला.

"कुंकू ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाली.

होडी तिथेच सोडली. पावसाळ्यात पाणी चढलं आणि ती दिसेनाशी झाली.

वहिनी अजून कुंकू लावते. दसऱ्याला मी तिला सोनं द्यायला जातो.

ती डावा हात पुढे करते.

उजवा पदराखाली असतो... मी विचारत नाही.