जसं सांगितलं तसं

हॉस्पिटलची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकली होती. दुसऱ्या मजल्यावरून मेकॅनिकने किल्लीने दार सरकवलं, तेव्हा वरच्या फटीत त्याला आधी चपला दिसल्या. मग आतली बाई खाली वाकली आणि वह्यांची चळत दिसली, आणि चळतीमागे चिडलेला चेहरा.

“पाऊण तास झाला. माझी मुलं वाट बघतायत वर!”

“किती मुलं?”

“सहा.”

त्याने मान वर केली.

“हसू नका. वॉर्डातली मुलं. आधी वह्या घ्या, मग मला उतरवा.”

ती टपाल कचेरीत कामाला होती. दर शनिवारी सुट्टी घेऊन तिसऱ्या मजल्यावर, डायलिसिसच्या वॉर्डात यायची. मुलांना चार-चार तास मशीनला जोडून पडावं लागे, सुयांचा हात हलवता येत नसे. मुलं गोष्टी सांगत, ती लिहून घेई. तो दुरुस्तीची नोंद कार्डावर करत असताना ती खांद्यावरून डोकावली.

“अक्षर मोत्यासारखं आहे हो तुमचं! लिफ्टवर वाया घालवताय?”

“लिफ्ट तक्रार करत नाही.”

“म्हणूनच रुसते. शनिवारी या वर. लिहायला माणसं कमी पडतात.”

“नाही जमणार.”

का, ते त्याने सांगितलं नाही. त्याची बायको त्याच वॉर्डात दीड वर्ष मशीनवर होती. ती गेल्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून तिसऱ्या मजल्याचं दार तो लिफ्टच्या आत उभा राहूनच तपासायचा. पाय बाहेर ठेवला नव्हता.

पुढच्या शनिवारी तक्रार आली. तो धावत गेला, तर लिफ्ट ठणठणीत, आणि आत ही उभी.

“बिघडलेली नाहीये.”

“मघाशी होती… तुम्हाला बघून घाबरली असेल.”

असे तीन शनिवार गेले. चौथ्या शनिवारी तिने वही त्याच्या हातात कोंबली आणि मागे न बघता वॉर्डात शिरली. तो लिफ्टच्या दारात थांबला. मग त्याने पाय बाहेर ठेवला.

त्याच्या वाट्याला सोळा वर्षांची एक मुलगी आली. वाद घालण्यात कुणाला हार जायची नाही, म्हणून सगळे तिला वकिलीणबाई म्हणत. डाव्या हाताची नस बसली होती, आता सुया उजव्या, लिहित्या हातात होत्या.

“काका, नियम माहीत आहे ना? जसं सांगितलं तसं. एक शब्द इकडचा तिकडे नाही.”

तिच्या गोष्टीतली मुलगी गच्चीवर होडी बांधते. पाणी चढत चढत गच्चीपर्यंत येतं. शेवटचं वाक्य तिने डोळे मिटून सांगितलं, “होडी गेली. मुलगी गच्चीवरच राहिली.”

त्याने ते लिहिलं. पण पेन थांबेना. खाली त्याने आपल्या मनाचं एक वाक्य घातलं, ‘मग होडी तिला न्यायला परत आली.’

पुढच्या शनिवारी तिने वही वाचली.

“हे मी बोलले नव्हते.”

“बरं वाटेल म्हणून…”

“घरी पण सगळे असंच करतात, काका. आई म्हणते, पुढच्या वर्षी परीक्षेला बसशील. निदान वहीत तरी माझं राहू द्यायचं!” तिने तोंड भिंतीकडे केलं.

तो लिफ्टशी जाऊन उभा राहिला. टपालवाली मागोमाग आली.

“बायकोशीही मी असाच वागलो,” तो म्हणाला. “ती म्हणायची, मला काही सांगायचंय. मी म्हणायचो, रविवारी घरी गेल्यावर सांग. तिला कळलं होतं. मलाही कळलं होतं. काय सांगायचं होतं तिला… ते राहूनच गेलं.”

ती समजूत घालायला गेली नाही. एवढंच म्हणाली, “मग आत जा आणि विचारा.”

“कुणाला?”

“जी आहे तिला.”

तो आत गेला. मुलीसमोर आपलं वाक्य खोडलं. “चुकलं माझं. पुढे काय झालं, तू सांग.”

तिने तोंड त्याच्याकडे वळवलं. मग ती म्हणाली, “लिहा. गच्चीवर वारा छान होता. आणि मुलीला खूप भीती वाटत होती. दोन्ही लिहा.”

त्याने दोन्ही लिहिलं.

पाच आठवड्यांनी त्या खाटेवर नवी चादर होती. मुलीची आई सकाळीच वही न्यायला आली. बाकावर बसून तिने सगळं वाचलं, शेवट पुन्हा वाचला.

“मला कधी बोलली नाही हे… तिचेच शब्द ना?”

“एकही इकडचा तिकडे नाही.”

आईने वही छातीशी धरली. दोघांनी तिला फाटकापर्यंत सोडलं.

परत वर जाताना टपालवालीने लिफ्टचं लाल बटण दाबलं. लिफ्ट मधेच थांबली. तिचे डोळे सुजले होते.

“बिघडली वाटतं,” ती म्हणाली. त्याच्या खिशातलं कार्ड आणि पेन तिने काढून घेतलं. “तुम्ही सांगा. मी लिहिते.”

“काय सांगू?”

“जे रविवारवर ढकलताय ते.”

तो पत्र्याच्या भिंतीकडे बघत सांगू लागला. “शनिवारी मी दोनदा दाढी करतो.”

“लिहिलं.”

“घरात तिचा फोटो आहे. तो मी काढणार नाही.”

“लिहिलं. पुढे?”

“तुम्ही दिसला नाहीत तर… आठवडा सरत नाही. आणि याची मला लाज वाटते.”

“दोन्ही लिहिलं.” तिने पेन त्याला दिलं. “आता माझं घ्या. फोटो राहू दे. शेजारी जागा असेल, तर मी येते.”

तो लिहू लागला. अक्षरं वाकडीतिकडी पडत होती, ओळ कार्डाबाहेर चालली होती.

“हे काय हो कोंबडीचे पाय? कुठे गेले मोती?”

“शब्द मोजून बघा. जसं सांगितलं तसंच आहे.”

ती हसली, आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. त्याने तिचा हात धरला. मग दुसऱ्या हाताने बटण सोडवलं. वर पाच मुलं वाट बघत होती.